तराजूची सदतिसावी चाचणी

डॉ. मालन खराडे पहिल्यांदा आल्या तेव्हा शलाका मोहितेनं त्यांना सरळ नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हाही. तिसऱ्यांदा त्या जत तालुक्यातल्या आपल्या दवाखान्यातून सांगलीपर्यंत दोन बस बदलून आल्या. पूर्ण प्रवासात मांडीवर एक जुना संगणक होता. तो त्यांनी बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवला, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "ताई, करू नका काम. पण एकदा बघा तरी."

शलाका तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. पंचवीसेक वर्षं तिनं प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली होती आणि दोन वर्षांपूर्वी ते सगळं सोडलं होतं. नवरा सुदर्शन, शाळेत भूगोल शिकवणारा, फुफ्फुसाच्या कर्करोगानं चार महिन्यांत गेला, आणि त्यानंतर तिला कुठल्याही कामात पुन्हा हात घालावासा वाटेना. सकाळी चहा दोन माणसांचा टाकला जायचा. टाकलाय तर मग पिऊन टाकू, म्हणून ती दोन्ही कप प्यायची. बाकी दिवस कसाबसा संध्याकाळपर्यंत ढकलायचा.

"नियम एक एप्रिलपासून आहे," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्यासारखे सहाशे दवाखाने आहेत, तीन जिल्ह्यांत. सगळ्यांची सीटीची मशीनं बंद पडतील. आणि मशीनं चांगली आहेत, ताई. खोट त्यांच्यात नाही."

ही सन दोन हजार शेहेचाळीसची गोष्ट. तोपर्यंत तालुक्यांच्या गावी, अगदी मोठ्या खेड्यांतूनही, कपाटाएवढी छोटी सीटी यंत्रं पोचली होती. अशा यंत्राचं काम तसं अर्धंच असतं. ते छातीतून हजारो कोनांतून बारीक किरण पाठवतं आणि प्रत्येक किरण पलीकडे किती उरला, एवढंच मोजतं. त्यातून हाती येतात ते नुसते आकडे, कोट्यवधी आकडे. त्या आकड्यांतून छातीचं चित्र उभं करणं हे निव्वळ गणित, आणि ते यंत्राशेजारी ठेवलेला साधा टेबलावरचा संगणक करतो. म्हणून आरोग्य खात्यानं नियम केला: दवाखान्यातल्या संगणकाला 'तराजू'वर किमान नऊशे गुण हवेत. गुण नसतील तर स्कॅन काढायचा परवाना नाही.

तराजू म्हणजे चौसष्ट चाचण्यांचा एक संच. फाइली उघडायच्या, चित्रं फिरवायची, मोठाल्या संख्यांचे गुणाकार करायचे, अशी कामं संगणकाला द्यायची, त्याला किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघायचं आणि शेवटी एक आकडा काढायचा. देशातला प्रत्येक नवा संगणक विकायला जाण्याआधी तराजूवर चढायचा. आणि हा तराजू एकवीस वर्षांपूर्वी पुण्यात, एका भाड्याच्या खोलीत, दोघांनी मिळून लिहिला होता. त्यातली एक शलाका. दुसरा मिरजेचा नाझिम सतारमेकर, जो आता त्याच पुण्यातल्या सरकारी मापन केंद्राचा प्रमुख होता.

अडचण अशी होती की डॉक्टरांच्या संगणकांवर 'पायवाट' होती. जगभरातले पन्नासेक लोक आपापल्या फावल्या वेळात ही ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळायचे. ती जुन्या यंत्रावर चालायची, इंटरनेट नसलं तरी अडायची नाही, आणि सांगितल्याशिवाय काही करायची नाही. बाकी सगळ्या जगाच्या टेबलावर 'निमिष' असायची, एका बड्या कंपनीची; तिचं वर्षाचं भाडं आणि तिला लागणारं अखंड इंटरनेट या दवाखान्यांना परवडणारं नव्हतं. तराजू निमिषवर चालायचा. पायवाटेवर तो कधी चाललाच नव्हता, कारण कुणाला तशी गरज पडली नव्हती.

"चालत नाही म्हणजे गुण शून्य," डॉक्टर म्हणाल्या. "नापास झालो असतो तरी समजलं असतं. आम्हाला परीक्षेलाच बसता येत नाही."

शलाकानं संगणकाकडे बघितलं. त्याच्या एका कोपऱ्याला औषध कंपनीच्या जाहिरातीचं स्टिकर होतं आणि मागच्या जाळीत मुंग्यांच्या वारुळाची माती अडकलेली होती.

"ठेवून जा," ती म्हणाली. "बघते. शब्द देत नाही."

*

एका सिस्टिमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर आणणं हे घर बदलण्यासारखं किचकट काम. सामान तेच, पण कुठलाच खिळा जुन्या जागी सापडत नाही. तराजूच्या साडेतीन लाख ओळी शलाकानं पायवाटेपुढे ठेवल्या आणि पहिल्या दिवशी अकरा हजार चुका आल्या. फाइल उघडायची रीत वेगळी. पडद्यावर रेघ काढायची रीत वेगळी. घड्याळाला वेळ विचारली तर पायवाट ती भलत्याच एककात सांगायची. काही ओळी तिनं स्वतःच तिशीत लिहिलेल्या होत्या, आणि त्या वाचताना वाटायचं की ही बाई कोण, हिला एवढी घाई कसली होती?

पाठीत कळ यायची. चष्मा दोनदा बदलला. एखादी चाचणी चालू झाली की आनंद व्हायचा असंही नाही. यादीतली एक ओळ खोडली जायची, बस. दर रविवारी डॉक्टरांचा फोन यायचा. "किती झाल्या, ताई?" "एकोणीस." "एकतीस." "सत्तावन्न."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चौसष्टच्या चौसष्ट चाचण्या चालल्या. शेवटी पडद्यावर आकडा आला: दोनशे बारा.

शलाकानं तो आकडा तीनदा काढला. तीनदा दोनशे बारा.

"नऊशे हवेत ना?" डॉक्टर फोनवर म्हणाल्या.

"हो."

"मग..." त्या म्हणाल्या. "निदान परीक्षेला बसलो म्हणायचं."

तिथंच काम थांबलं असतं. पण शलाकानं सवयीनं एक गोष्ट केली. त्याच संगणकावर, त्याच चिपवर, तिनं शेजारी निमिष बसवली आणि तराजू चालवला. अकराशे चाळीस.

यंत्र एकच आणि गुण पाचपट? दोन सिस्टिममध्ये दहा-वीस टक्क्यांचा फरक असतो, ते तिला ठाऊक होतं. पाचपट म्हणजे आपणच कुठंतरी माती खाल्लीय, असं ती धरून चालली आणि पुढचे अठरा दिवस तिनं स्वतःची चूक शोधली. ती सापडली नाही. मग तिनं एकेक चाचणी वेगळी काढून बघितली. बहुतेक ठिकाणी दोन्ही सिस्टिम जवळजवळ बरोबरीनं धावत होत्या. सगळा फरक नऊ-दहा चाचण्यांतच होता, आणि त्यातही सगळ्यात मोठा सदतिसाव्या चाचणीत. ती होती छातीच्या सीटी स्कॅनची. आकडे द्यायचे, चित्र तयार करून घ्यायचं. पायवाटेवर तिला एकोणीस मिनिटं लागली. निमिषवर पन्नास सेकंद.

शलाकानं कागद घेतला. त्या चित्रासाठी किती गुणाकार करावे लागतात ते मांडलं. ती चिप जिवाच्या आकांतानं पळाली तर एका सेकंदाला किती गुणाकार करू शकते ते खाली लिहिलं. भागाकार केला. उत्तर आलं अकरा मिनिटं. म्हणजे देव जरी खाली उतरला तरी त्या चिपवर हे काम अकरा मिनिटांच्या आत होणं शक्य नव्हतं.

निमिष ते पन्नास सेकंदांत करत होती. याचा अर्थ एकच होता. ती ते करतच नव्हती.

*

हे कसं होत असेल, ते समजायला तिला फार वेळ लागला नाही. गेल्या सात-आठ वर्षांत निमिषसारख्या सिस्टिम अंदाज बांधायला शिकल्या होत्या. माणूस पुढं काय करणार, कुठली फाइल उघडणार, गणिताचं उत्तर साधारण काय येणार, हे त्या आधीच ताडायच्या आणि उत्तर तयार ठेवायच्या. लाखो छातींचे स्कॅन त्यांनी पाहिलेले. मग नवे आकडे आले की निमिष त्यातले थोडेसेच बघायची आणि उरलेलं चित्र, छाती साधारण जशी असते तसं, स्वतःच भरून टाकायची. सुरेख दिसायचं. पायवाटेच्या चित्रापेक्षाही स्वच्छ.

आणि तराजूची सदतिसावी चाचणी एकवीस वर्षं एकाच माणसाच्या छातीचे आकडे देत होती. परीक्षेत दरवर्षी तेच गणित आलं तर मुलगा ते सोडवत बसत नाही, उत्तर पाठ करतो.

वाईट होतं, पण हे एवढंच असतं तर लबाडी म्हणून सोडून देता आलं असतं. शलाकानं मूळ आकड्यांमध्ये थोडा बदल केला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सहा मिलिमीटरची, हरभऱ्याएवढी, एक गाठ घातली. म्हणजे तिथं खरोखरच गाठ असती तर किरण जेवढे अडले असते तेवढे ते आकडे कमी केले. आणि दोन्हीकडे चालवलं.

एकोणीस मिनिटांनी पायवाटेनं चित्र दिलं. जरा खरबरीत, कडेला दाणे आलेलं. उजवीकडे वर, बरगडीच्या आत, एक पांढरट ठिपका.

निमिषनं पन्नास सेकंदांत चित्र दिलं. नितळ, सुंदर फुफ्फुस. ठिपका नाही.

तराजूनं दोन्हींपुढे एकच शेरा मारला: उत्तर बरोबर.

तो शेरा ठरवणारी प्रोग्रॅममधली ओळ मात्र शलाकाची होती. प्रत्येक चिप शेवटचा दशांश थोडा वर-खाली करून तोडते, त्यामुळे उत्तरं अगदी तंतोतंत जुळत नाहीत. थोडी सूट द्यावी लागते. नाझिमचं म्हणणं होतं की चित्रातल्या ज्या ठिपक्यात सगळ्यात जास्त फरक असेल तोच धरायचा. तसं केलं तर चांगली यंत्रंही नापास होत होती आणि शुक्रवारपर्यंत संच द्यायचा होता. शलाका म्हणाली होती, "अरे, सगळ्या चित्राची सरासरी काढ. दोन टक्क्यांच्या आत असलं की पास. चल, संपव." पूर्ण छातीच्या मानानं हरभऱ्याएवढी गाठ म्हणजे टक्क्याचा शंभरावा भागसुद्धा नव्हता.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. गाठ निमिषनं पुसली होती. पुसलेलं चालेल, हे मात्र एकवीस वर्षांपूर्वी तिनंच लिहून ठेवलं होतं.

मग तिला सुदर्शनचा स्कॅन आठवला.

आजार कळण्याआधी चौदा महिने त्याला खोकला झाला होता. मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळात स्कॅन काढला. डॉक्टर हसून म्हणाले होते, "गुरुजी, फुफ्फुसं विशीतल्या पोरासारखी आहेत." दोघं त्या दिवशी बाहेर जेवायला गेले होते. त्या इस्पितळातली यंत्रं नवी होती, निमिषवर चालणारी. तराजूवर दोन हजारांच्या वर गुण.

मूळ आकडे इस्पितळं पाच वर्षं ठेवतात. वारसाला मागता येतात. शलाकानं अर्ज केला, मृत्यूचा दाखला जोडला, चार वेळा खेटे घातले, आणि पाचव्या वेळी खिडकीतल्या बाईनं तिच्या हातात आकडे भरलेली एक छोटी डबी दिली. "सही करा. इथं, आणि इथं."

घरी येऊन तिनं ती फाइल पायवाटेवर लावली. पडद्यावर रेघ हळूहळू सरकत होती. एकोणीस मिनिटं ती खुर्चीत बसून राहिली. या वेळात तिच्या मनात फक्त नाझिम होता. प्रत्येक यंत्राच्या दाखल्यावर त्याची सही असते. मिरजेच्या यंत्राच्याही. गाठ दिसली की पहिली बस पकडायची आणि त्याच्या टेबलावर ते चित्र आपटायचं, एवढं तिनं ठरवून टाकलं.

चित्र आलं. तिनं एकेक काप बघितला, वरपासून खालपर्यंत, मग खालपासून वरपर्यंत. नंतर ते डॉ. खराड्यांना पाठवलं आणि कुणाचं आहे ते सांगितलं नाही.

तासाभरात फोन आला. "स्वच्छ आहे की, ताई. काही नाही यात. कुणाचं आहे?"

"सुदर्शनचं."

मग डॉक्टर हळूच म्हणाल्या, "कर्करोगाच्या काही जाती फार झपाट्यानं वाढतात. सहा महिन्यांत होत्याचं नव्हतं करतात. तेव्हा खरंच नसेल काही."

"हं."

"ताई, हे चांगलंच झालं ना?"

शलाकानं फोन खाली ठेवला. दोन वर्षं ती ज्या दुःखाबरोबर राहत होती त्याला कुणीच जबाबदार नव्हतं, आणि गेले आठ दिवस तिला वाटत होतं की कुणीतरी आहे. तेवढाही आधार गेला होता. ती रडली, बराच वेळ. मग तोंड धुऊन पुण्याचं तिकीट काढलं.

*

नाझिम सतारमेकर थकलेला दिसत होता. केस पूर्ण पांढरे, खांदे पुढं आलेले. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनवायचं काम. हा एकटाच संगणकाकडे वळलेला. सूर लावल्यासारखा सावकाश बोलायची त्याची सवय अजून तशीच होती. खोलीत तिला बघताच तो उभा राहिला.

"मोहिते! कळवायचं तरी. सुदर्शनच्या दहाव्याला आलो होतो, त्यानंतर..."

"बस, नाझिम. सदतीस नंबरच्या चाचणीबद्दल बोलायचंय."

तो बसला. तिनं दोन चित्रं त्याच्यापुढे ठेवली, एक ठिपक्याचं, एक नितळ. त्यानं ती उचललीसुद्धा नाहीत.

"किती दिवसांपासून माहीत आहे?" तिनं विचारलं.

"वेळ जुळत नाही हे चार वर्षांपासून. हे असं काही पुसलं जात असेल, हा संशय होता. करून बघितलं नाही."

"का?"

"बघितलं असतं तर माहीत झालं असतं." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "मी कंपनीला पत्र लिहिलं होतं, मोहिते. वरच्यांनाही लिहिलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: तुमच्याच नियमात बसतंय ना? बसत होतं. पहिली सही करताना हात अडखळला. पुढच्या महिन्यात अडखळला नाही."

बाहेर कुणीतरी व्हरांड्यात खुर्च्या ओढत होतं. नाझिमनं आवाज आणखी खाली आणला.

"सुदर्शनचं कळलं ना, तेव्हा पहिला विचार हाच आला होता. त्याचा स्कॅन कुठं काढला होता? दहाव्याला आलो तो विचारायलाच. धीर झाला नाही."

"मी काढून बघितला. पायवाटेवर. स्वच्छ होता."

"खरंच?"

"खरंच."

नाझिमनं दोन्ही हात तोंडावर घेतले. खांदे हलायला लागले. "या अल्ला," तो पुटपुटला. "दोन वर्षं झोप नाही गं मला."

इथवर शलाकाला त्याची दया येत होती. पण त्याला असं सुटल्यासारखं रडताना पाहून तिला एकदम संताप आला. "एकाचा स्वच्छ होता, नाझिम! एकाचा. तुझ्या ओळखीच्या एकाचा. बाकीच्यांच्या घरी तू दहाव्याला गेला होतास का?"

त्यानं डोळे पुसले. पाणी प्यायला.

"काय करायचं म्हणतेस?"

"सदतिसावी चाचणी रद्द केल्याचं पत्र. तिच्या जोरावर दिलेले दाखले मागं घेतल्याचं दुसरं. आणि आरोग्य खात्याला तिसरं, की गेल्या दोन वर्षांचे स्कॅन पुन्हा काढा. माणसांना परत बोलवायला नको, मूळ आकडे आहेत, त्यातून चित्रं पुन्हा बनवायची."

"हे झालं की मी या खुर्चीत राहणार नाही."

"नाही राहणार."

"आणि तुझंही नाव येईल. सरासरी तुझी होती."

"म्हणून तर मी आलेय. तिन्ही पत्रांवर माझीही सही घे."

नाझिमनं संगणक पुढं ओढला आणि स्वतःच टाइप करायला बसला. मधेच थांबून त्यानं विचारलं, "गाठ पुसली जाते की झाकली जाते? कुठला शब्द घालू?"

"पुसली जाते," ती म्हणाली.

*

पुढं जे व्हायचं तेच झालं. नाझिमला आठव्या दिवशी निलंबित केलं. कंपनीनं पत्रक काढलं की आमची उत्पादनं सर्व प्रचलित निकषांनुसारच आहेत, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. आठवडाभर बातम्यांत शलाकाचं नाव होतं. कुणी तिला शूर म्हणालं, कुणी म्हणालं एकवीस वर्षं झोपली होती काय. दुसरं म्हणणं तिला जास्त पटलं. एक एप्रिलचा नियम पुढील आदेशापर्यंत तहकूब झाला.

खरा प्रश्न निराळाच उभा राहिला. तीन जिल्ह्यांतल्या मोठ्या इस्पितळांतून दोन वर्षांचे मिळून जवळपास दोन लाख स्कॅन होते. ते पुन्हा बनवायचे कशावर? निमिषमधला अंदाज बंद करायची कळच नव्हती. कंपनी म्हणाली, सहा महिने लागतील.

"अंदाज न बांधणारा संगणक माझ्याकडं आहे की एक," डॉ. खराडे म्हणाल्या. "सहाशे जणांकडं आहे."

दवाखाने बंद असतील तेव्हा त्यांचे संगणक रिकामेच असायचे. शलाकानं ते वाटून द्यायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका स्कॅनला एकोणीस मिनिटं, दिवसाला दहा तास. जत, आटपाडी, सांगोला, शाहूवाडी, जिथं जिथं पायवाट होती तिथली जुनी यंत्रं अकरा दिवस ती गणितं सोडवत राहिली, एकही पायरी न गाळता. तीन यंत्रं त्या उष्णतेनं जळाली.

बाराव्या दिवशी यादी आली. निमिषनं नितळ दाखवलेल्या छातींपैकी तेराशे बारा जणांच्या छातीत काहीतरी होतं. तज्ज्ञांनी ती चित्रं बघितली. नऊशेच्या आसपास जुने व्रण, निरुपद्रवी डाग. उरले चारशे दहा. त्यातल्या एकाहत्तर जणांच्या नावापुढं इस्पितळांनी आधीच मृत्यूची तारीख लिहिलेली होती.

तीनशे एकोणचाळीस जणांना सांगायचं होतं. खात्यानं ते काम डॉक्टरांना वाटून दिलं. डॉ. खराड्यांनी शलाकाला फोन केला.

"ताई, तुम्ही चला माझ्याबरोबर. लोक विचारतात, हे झालं कसं? मला काही सांगता येत नाही."

"मला तर त्याहून नाही येत, डॉक्टर. मी थकलेय."

"मी पण," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या सकाळी नऊला खात्याची गाडी घेऊन येते."

*

पहिलं नाव ढालगावच्या रंजना पाटोळ्यांचं होतं. वय सत्तावन्न, अंगणवाडीत सेविका. वीस महिन्यांपूर्वी खोकल्यासाठी स्कॅन काढलेला. डाव्या फुफ्फुसात आठ मिलिमीटरची गाठ.

अंगणवाडी नुकतीच सुटली होती. रंजनाताई एकट्याच सतरंज्या गुंडाळत होत्या. डॉक्टरांनी ओळख करून दिली, बसल्या, आणि जमेल तेवढं हळुवारपणे सांगितलं. रंजनाताईंनी सतरंजी तशीच अर्धी हातात धरून ऐकलं.

"पर मला तर काय न्हाई म्हणून सांगितलं हुतं. कागद हाय माझ्याकडं."

"कागद चुकीचा होता," डॉक्टर म्हणाल्या.

"मशीन चुकलं म्हणा की."

डॉक्टरांनी शलाकाकडे बघितलं. शलाकानं गाडीत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

"मशीनची परीक्षा घ्यायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "मी पूर्ण चित्राची सरासरी बघायचं ठरवलं. सरासरीत सगळं चांगलं दिसत होतं, म्हणून मशीन पास झालं. एवढीशी गाठ त्यात... ती सरासरीत दिसत नाही. ते माझ्या तेव्हा लक्षात यायला पाहिजे होतं. माझी चूक आहे."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. रंजनाताईंनी सतरंजी खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बोट केलं.

"दर म्हयन्याला पोरांची वजनं घेतो आमी. समद्या गावाची सरासरी चांगली आली की वरनं शाबासकी येती. आन त्यातलंच एखादं पोरगं वाळत असतंय. त्ये तक्त्यात दिसत न्हाई. त्याच्या घरी जाऊन, त्याला मांडीवर घिऊनच बघाय लागतंय." त्या थांबल्या. "तुमी कुणाच्या घरी गेला न्हाईसा."

"नाही गेले."

"हं." एवढंच म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. "उशीर झालाय का?"

"वीस महिने फुकट गेले, ते परत येणार नाहीत. पण गाठ अजून एकाच जागी असण्याची शक्यता आहे. म्हणूनच आज न्यायला आलोय. मिरजेला जायचं, नवा स्कॅन, मग ऑपरेशनचं बघू."

रंजनाताईंनी खिडक्या लावल्या. चावी शेजारच्या घरी दिली, लेकाला फोन करून मिरजेला ये म्हणून सांगितलं, आणि रडणार वाटत असतानाच पदर तोंडाला लावून दोन क्षण भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शलाका दोन पावलं पुढं गेली आणि तिथंच थांबली. हात लावायचा आपल्याला हक्क आहे का, ते तिला समजेना. रंजनाताई वळल्या, डोळे कोरडे करून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

गाडी रस्त्याला लागल्यावर रंजनाताईंनी मान वळवून मागं बघितलं.

"आजून कितीकांकडं जायचंय?"

"तीनशे अडतीस," शलाका म्हणाली. "सगळ्यांकडं आम्ही दोघीच नाही. आमच्या वाट्याला सव्वीस."

"वाटंत हाय का कोन?"

डॉक्टरांनी आरशातून शलाकाकडे बघितलं. शलाकानं यादी उघडली. "नागजला आहेत एक. दत्तू माने. पण आधी तुम्हाला मिरजेला पोचवू, त्यांच्याकडं नंतर..."

"नागज वाटंतच हाय. थांबवा तितं." रंजनाताईंनी पदर खोचला. "आन तितं मी बोलते. तुमास्नी बोलाय येत न्हाई."